ठोकलेली जीटी विकताना

‘पोलो जीटी टीएसआय, फर्स्ट ओनर, स्टेज वन, कॉइलओव्हर, मायनर टचअप.’ पुण्यात जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळणाऱ्याला असा मजकूर नवा नाही. वाचणाऱ्याचं बोट मात्र नेमकं शेवटच्या दोन शब्दांवर थांबतं. मायनर म्हणजे किती? बंपर घासला होता की ॲप्रन बदललाय? विकणारा म्हणतो, ‘समक्ष येऊन बघा ना.’ आणि भाव तिथूनच घसरायला लागतो.

गाडी ठोकली म्हणून किंमत पडते, हे अर्धंच खरं. दुरुस्तीचा खर्च मोजता येतो. मोजता येत नाही ती शंका, आणि घेणारा पैसे कापतो ते मुख्यतः शंकेचे. साध्या गाडीत शंका एकच असते: कशी ठोकली, किती ठोकली. मॉडिफाइड गाडीत तिला जोड मिळते: ठोकण्याआधी ही चालवली कशी? म्हणून अशी गाडी विकणाऱ्यानं पॉलिशवर जितका वेळ घालवायचा, त्याच्या दुप्पट शंका फेडण्यावर घालवावा. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे धोरण या बाजारात चालत नाही. मूठ उघडायची साधनं आता प्रत्येक जाणत्या गिऱ्हाइकाच्या खिशात आहेत.

उदाहरणाला पोलो जीटी टीएसआयच घेऊ. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी २०१३ मध्ये आली. इंजिन १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल, ताकद १०५ पीएस, टॉर्क १७५ न्यूटन-मीटर आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. आकडे आज मामुली वाटतील. पण या गिअरबॉक्सची, म्हणजे डीक्यू२०० ची, रचना २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी केलेली आहे. इंजिन देतं १७५, गिअरबॉक्स झेलतो २५०. मधली ही मोकळी जागा ट्यूनिंग करणाऱ्यांच्या नजरेतून सुटणार कशी? ईसीयूमधला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला नकाशा बदलायचा, टर्बोचा दाब थोडा वाढवायचा, इग्निशन आणि इंधनाचं गणित त्याप्रमाणे जुळवायचं, म्हणजे झालं स्टेज वन रीमॅप. लोखंडाला हात न लावता गाडी वेगळीच पळायला लागते. रांजणगावहून आलेली १४५ पीएसची अबार्थ पुंटो किंवा ऑक्टाव्हिया आरएस यांचंही असंच एक छोटं, हौशी आणि अतिशय चिकित्सक गिऱ्हाईक आहे. २०२२ मध्ये पोलो भारतात बंद झाली, त्यामुळे चांगल्या जीटीला मागणी टिकून आहे. ‘चांगली’ म्हणजे काय, यावरच सगळा वाद.

आता ही गाडी समोरून, डावीकडे ठोकली असं समजा. प्लास्टिकचा बंपर फुटतो, त्यामागचा लोखंडी क्रॅश बार वाकतो, हेडलाइट, रेडिएटर, कंडेन्सर जातात, फेंडर आणि बॉनेट चेपतात. इथपर्यंतचं सगळं नटबोल्टनं खोलून बदलता येतं. बिल मोठं होतं, पण गाडीचा सांगाडा शाबूत असतो. धक्का त्यापुढे गेला तर तो चेसिसच्या लेगपर्यंत आणि ॲप्रनपर्यंत पोचतो. हे भाग वेल्ड करून जोडलेले असतात आणि धडकेत ठरलेल्या जागी चुरगळून धक्का पिऊन टाकणं हेच त्यांचं काम. एकदा चुरगळलेला लेग ठोकून सरळ केला तर तो दिसायला सरळ होतो. पुढच्या धडकेत तो पहिल्यासारखा चुरगळेल याची खात्री मात्र कुणी देत नाही.

जपानमधल्या जुन्या गाड्यांच्या लिलावात हीच रेघ अधिकृतपणे ओढलेली आहे. फेंडर, दरवाजा, बॉनेट बदललं तर ती गाडी ‘दुरुस्तीचा इतिहास’ असलेली मानत नाहीत. सांगाड्याचा भाग बदलला किंवा दुरुस्त केला तर मानतात, आणि लिलावाच्या कागदावर तिला ‘आर’ किंवा ‘आरए’ असा शेरा मिळतो. ब्रिटनमध्ये विमा कंपनीनं निकाली काढलेल्या गाड्यांना १ ऑक्टोबर २०१७ पासून ए, बी, एस, एन असे वर्ग आहेत. ‘एस’ म्हणजे सांगाड्याला इजा, ‘एन’ म्हणजे नाही. आपल्या आरसीवर असलं काही छापलेलं नसतं. ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ हा शब्द इथे ज्याला वाटेल तो वापरतो, म्हणूनच त्याला किंमत उरलेली नाही. विकणाऱ्यानं स्वतःच ‘बोल्टवरचे भाग बदलले, वेल्डवरचा एकही नाही’ असं सांगितलं, आणि ते दाखवता आलं, तर निम्मी लढाई तिथेच सरते.

दाखवायचं कसं? जे गिऱ्हाईक तपासणार आहे, ते आपणच आधी तपासून ठेवायचं. बॉनेट उघडा आणि फेंडर ज्या बोल्टांनी आवळलाय त्यांच्या डोक्यांकडे बघा. कारखान्यात बॉडी आणि तिच्यावर बसवलेले फेंडर एकत्र रंगतात, त्यामुळे बोल्टच्या डोक्यावर आणि खालच्या वॉशरभोवती रंगाची एकसंध साय असते. पान्ह्यानं एकदा जरी तो बोल्ट फिरवला तरी कडा सोलतात आणि खाली चंद्रकोरीएवढी रंग उडालेली चीर दिसते. ॲप्रनच्या शिवणीवर रोबोटनं मारलेल्या स्पॉट वेल्डच्या गोल खळग्या ठरावीक अंतरानं एका रांगेत असतात. हातानं केलेल्या वेल्डिंगला ती शिस्त साधत नाही, आणि ग्राइंडरनं घासून वर जाड सीलंट थापलं तर ते थापणंच ओरडून सांगतं. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र सहज मिळतं. मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. दुसऱ्यांदा रंगवलेला पत्रा दोनशेच्या पुढे जातो, आणि खाली लांबी भरली असेल तर आकडा पाचशे, हजार असा कुठेही पोचतो. काचांवरचे, हेडलाइटवरचे, सीटबेल्टच्या शेवटी शिवलेल्या पट्टीवरचे उत्पादनाचे साल-महिने एकमेकांशी जुळतात का, हे बघणारे लोकही आहेत. ते कटकटे वाटतात, पण पैसे देणारं गिऱ्हाईक बहुधा तेच असतं.

एअरबॅग उघडल्या असतील तर प्रकरण वेगळंच. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये धडकेची नोंद राहते आणि स्कॅनर लावला की ती दिसते. एअरबॅग महाग, म्हणून काही ठिकाणी तिच्या जागी नुसता रेझिस्टर जोडून डॅशबोर्डवरचा दिवा विझवतात. युनिटला वाटतं, एअरबॅग आहे. स्टिअरिंगच्या झाकणाखाली काहीच नसतं. ही फसवणूक पैशांपुरती नाही, जिवाशी आहे. एअरबॅग बदलल्या असतील तर बिल दाखवा. बदलल्या नसतील तर तसं स्पष्ट सांगा, आणि गाडी चालू स्थितीत विकण्याचा विचार सोडा.

आता विमा. बरेच मालक इथेच अडकतात. गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, एक्स-शोरूम किमतीतून घसारा वजा करून काढतात: चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा, आणि पाच वर्षांनंतर मालक आणि कंपनी यांच्यात जे ठरेल ते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी टोटल लॉस. जीटी टीएसआय आता सगळ्याच जुन्या. हप्ता वाचावा म्हणून मालकानं नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्ही चार लाखांवर आणली असेल तर तीन लाखांच्या अंदाजपत्रकातच गाडी काठावर येते. दोन एअरबॅग, डॅशबोर्ड, दोन हेडलाइट, रेडिएटर, बॉनेट, रंग. कंपनीच्या गॅरेजात हा आकडा गाठायला वेळ लागत नाही. म्हणून ‘टोटल लॉस झालेली’ म्हणजे ‘संपलेली’ असं नेहमी नसतं. काही वेळा तो सांगाड्याचा निकाल नसून बेरजेचा निकाल असतो. पण हे गिऱ्हाइकाला पटवायचं तर सर्वेअरचा अहवाल आणि दुरुस्तीआधीचे फोटो हवेत. ‘तसं काही फार नव्हतं हो’ या वाक्यावर कुणी लाखभर रुपये जास्त देत नाही.

मॉडिफिकेशनचा हिशेब विम्यात फारच कोरडा असतो. उत्पादकानं बसवलेली नसलेली इलेक्ट्रिकल उपकरणं पॉलिसीत वेगळी नोंदवता येतात. त्यासाठी आयएमटी-२४ हे कलम आहे आणि हप्ता त्या वस्तूंच्या किमतीच्या ४ टक्के. इतर बसवलेल्या वस्तूही आधी जाहीर कराव्या लागतात. जे जाहीर केलं नाही, त्याची भरपाई मिळत नाही. आणि ज्या बदलामुळे इंजिनची ताकद वाढली तो लपवला असेल, तर पूर्ण दाव्यावरच वाद उभा राहू शकतो. मी पाहिलेल्या बहुतेक हौशी मालकांच्या पॉलिसीत सबवुफरची नोंद असते, रीमॅपची नसते.

कारण उघड आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकानं करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी, केरळमधून आलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-ए नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्येक बदलामागे, हे शब्द लक्षात घ्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारी डाउनपाइप, कान किटवणारा एक्झॉस्ट, आरसीवर न नोंदवलेला रंग हे घेऊन नवा मालक आरटीओत किंवा पीयूसीला गेला की अडतो, आणि अडला की फोन तुम्हालाच येतो.

म्हणून विकण्याआधी गाडी जितकी मूळ रूपात आणता येईल तितकी आणावी, असं माझं मत आहे. हौशी मंडळींना ते रुचत नाही. ‘दोन लाखांचं काम केलंय’ हे त्यांचं पालुपद असतं. पण मॉडिफिकेशनवर घातलेला पैसा गाडीच्या किमतीत जवळजवळ कधीच परत मिळत नाही. तो सुट्या भागांत थोडाफार मिळतो. पोलोच्या चाकांचं बोल्टचं माप ५ बाय १००. व्हेंटो आणि रॅपिडचं तेच, आणि आजच्या व्हर्टस, स्लाव्हिया, टायगुन, कुशाकचंही तेच. म्हणजे चांगल्या अलॉयना घेणारे केवळ पोलोवाले नाहीत. सस्पेन्शनचे भाग व्हेंटो-रॅपिडवाले विचारतात. मूळ एअरबॉक्स, मूळ स्प्रिंगा, मूळ एक्झॉस्ट माळ्यावर जपून ठेवले असतील तर आता ते सोन्याच्या मोलाचे. फेकून दिले असतील तर बाजारातून जुने आणून बसवायला लागतील.

एक गोष्ट मात्र करू नये. ज्या कोपऱ्याला मार लागला त्या कोपऱ्यातलं चाक, स्ट्रट, कंट्रोल आर्म हे ‘थोडं वापरलेलं’ म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. अलॉयमधली केसाएवढी भेग धूळ बसल्यावर दिसत नाही; ताशी १२० ला एक्स्प्रेसवेवर ती दिसते.

रीमॅपचं काय? मूळ नकाशा परत टाकता येतो आणि टाकावा. पण त्यानं इतिहास पुसला जातो असं समजू नये. फोक्सवॅगन गटाच्या ईसीयूत किती वेळा प्रोग्रामिंग झालं याची मोजदाद राहते, आणि जाणकार ती वाचतो. त्यापेक्षा किती किलोमीटरवर रीमॅप केला, कुणाकडे केला, तेव्हा डायनोवर काय आकडे आले, त्यानंतर डीएसजीच्या क्लचवर काही काम झालं का, हे एका कागदावर लिहून द्यावं. डीक्यू२०० चे क्लच कोरडे असतात आणि शहरातल्या रेंगाळत्या वाहतुकीत आधीच तापतात, त्यात वाढीव टॉर्क. घेणाऱ्याला हे ठाऊकच असतं. क्लचपॅकचं बिल दाखवलंत तर तो रीमॅपला दोष न मानता देखभालीचा भाग मानतो.

आता खरा पेच: दुरुस्त करून विकायची की आहे तशी? इजा बोल्टवरच्या भागांपुरती असेल तर दुरुस्त करावी, नव्या भागांची बिलं ठेवावीत, काम सुरू होण्याआधी आणि पत्रा खोललेला असताना फोटो काढावेत, आणि शेवटी व्हील अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट घ्यावा. चारी चाकांचे कोन मापात बसत असतील तर सांगाडा सरळ असल्याचा तो बऱ्यापैकी पुरावा आहे. सांगाड्याला इजा असेल तर माझा कल उलटा आहे. अशी गाडी उघड्या जखमेसह विकली तर घेणारा स्वतःच्या गॅरेजवाल्याला घेऊन येतो, डोळ्यांनी बघतो, आपला हिशेब करतो. स्वस्तात ठोकून-रंगवून चकाचक केलेल्या गाडीतली इजा त्याला सापडतेच, फक्त उशिरा सापडते, आणि मग त्याचा तुमच्या एकाही शब्दावर विश्वास राहत नाही.

दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली गाडी विमा कंपनी किंवा तुम्ही स्क्रॅपवाल्याला देता, तेव्हा वेगळा धोका असतो. त्याला पुष्कळदा चुरगळलेल्या पत्र्यापेक्षा आरसी आणि चेसिस नंबर हवा असतो. त्याच बनावटीची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणायची, तिच्यावर हा नंबर ठोकायचा. देशात अशा टोळ्या पोलिसांनी पकडलेल्या आहेत. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी रद्दीसाठी द्यावी, असं कलम ५५ सांगतं. कंटाळा आला तरी हे करायचंच. मान्यताप्राप्त स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली तर तिथून प्रमाणपत्र मिळतं, ते जपून ठेवायचं.

सांगायचं किती, हा प्रश्न बरेच जण नैतिक समजतात. तो कायद्याचाही आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा; त्याच्या कलम १७ खाली घोड्याची उदाहरणं आहेत. घोडा सदोष आहे हे मालकाला ठाऊक असूनही लिलावात तो काही बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निरोगी समजेन,’ आणि तरीही मालक गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच धरलं जातं. घोड्याच्या जागी जीटी ठेवा. व्हॉट्सॲपवर कुणी विचारलं, ‘मेजर काही नाही ना?’ आणि तुम्ही अंगठा दाखवलात, तर तो अंगठा पुरावा होतो. जाणूनबुजून लपवलेली गोष्ट निघाली तर घेणारा करार मोडू शकतो. यावर उपाय सोपा आहे. विक्रीच्या कागदावरच लिहायचं: अमुक महिन्यात समोरून डावीकडे अपघात, हे हे भाग बदलले, हे मॉडिफिकेशन काढले, हे राहिले, घेणाऱ्यानं तपासून आणि समजून घेतले. खाली दोघांच्या सह्या. हा कागद घेणाऱ्याच्या भल्याचा वाटतो, पण त्याचा जास्त उपयोग विकणाऱ्याला होतो.

भाव ठरला, टोकन आलं, म्हणजे व्यवहार संपला असं नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तो मालक. त्या प्रकरणात गाडी कितीतरी आधी विकली गेली होती, पुढेही हातोहात फिरली होती, पण नाव बदललेलं नव्हतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी कागदावरच्या पहिल्या मालकावरच आली. पोलो जीटीसारखी गाडी बहुधा पंचविशीतल्या हातात जाते, आणि त्या हातांना पहिल्याच रात्री कात्रजच्या नव्या बोगद्यातून तिचा आवाज ऐकायचा असतो. तेव्हा नमुना २९ आणि ३० वर सह्या करून ‘तुम्ही करून घ्या नावावर’ म्हणत मोकळं होऊ नका. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. परराज्यात जाणार असेल तर नमुना २८ ची एनओसी, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना ३५. गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ, तासमिनिटांसह, एका कागदावर लिहून त्यावर घेणाऱ्याची सही घ्यावी. डीलरला द्यायची असेल तर तो अधिकृत नोंदणी झालेला आहे का ते बघा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत अशा डीलरकडे गाडी सोपवल्याची नोंद पोर्टलवर करता येते, आणि मग विकली जाईपर्यंत तिची जबाबदारी त्याची.

विम्याचं हस्तांतर १४ दिवसांत घेणाऱ्यानं मागायचं असतं. तुमचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा असतो आणि पुढच्या गाडीला लागतो. अपघाताचा दावा केला असेल तर मात्र तो शून्यावर आलेला असतो, आणि चाणाक्ष गिऱ्हाईक पॉलिसीवर आधी तीच ओळ शोधतं: पाच वर्षं जुनी गाडी, बोनस शून्य, आणि जाहिरातीत ‘मायनर टचअप’. एवढं जुळवायला रंगाची जाडी मोजायचं यंत्रही लागत नाही.

फास्टॅग काढून खातं बंद करायला विसरू नका. नाहीतर गाडी गेल्यावरही महिनाभर खालापूरच्या टोलचे मेसेज तुमच्याच फोनवर येत राहतील.